फिटरच्या कानटोपीखाली

फिटरनं कानाचं यंत्र लावलं ते ऐकू यावं म्हणून नव्हे. घरात एक यंत्र दोन महिने पडून आहे आणि आपण ते एकदाही चालवून पाहिलेलं नाही, ही गोष्ट त्याला फिटर म्हणून खुपत होती.

चौतीस वर्षं त्यानं कापड गिरणीच्या मागखात्यात काढली होती. एका छपराखाली दोनशे चाळीस माग, आणि प्रत्येकाचा धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटणारा. त्या कल्लोळात माणसं खुणांनीच बोलत. निवृत्त होईपर्यंत फिटरचे कान असे बसले होते, की ढग गडगडले तर ते त्याला छातीत कळे, कानात नाही. मग नवराबायको गावाबाहेरच्या लहानशा मळ्यावर येऊन राहिली. दोन खोल्या, एक विहीर, एक शेळी, सहा कोंबड्या आणि बांधाला तुतीची झाडं. याला आता सहा वर्षं झाली होती. आसपासचे लोक त्याला अजूनही फिटरच म्हणत.

मुलगी शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. तिनंच त्याला ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांची यंत्रं दिली आणि सांगितलं, की सुरुवातीला शांत जागी लावा, कान हळूहळू सरावतील. फिटरनं मान डोलावली आणि घरी येऊन डबी ड्रॉवरमध्ये टाकली.

"कामाचं तेवढं मला ऐकू येतं," तो म्हणाला.

बायको त्यावर काही बोलली नाही. निदान त्याला तसं वाटलं.

थंडी सरत आली होती, पण पुरती गेली नव्हती. अशा दिवसांत सकाळ एका ऋतूत उजाडते आणि दुपार दुसऱ्याच ऋतूत पडते. त्या दिवशी फिटर उठला तेव्हा खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं, की विहिरीचा कठडा दिसत नव्हता. बायको बाहेर शेळीचं बघत होती. फिटरनं ड्रॉवर उघडला, चष्मा चढवला, माहितीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, गोळीएवढ्या बॅटऱ्या त्यांच्या खाचेत बसवल्या आणि यंत्रं कानांमागे अडकवली. वरून लोकरीची कानटोपी ओढली. थंडीत तो ती एरवीही काढत नसे, तेव्हा लपवण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

पहिला आवाज आला तो कागदाचा. त्यानं घडी घातली आणि कुणीतरी पत्रा दुमडल्यासारखं झालं. तो दचकला. मग त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. मग पावलं. आपण पाय फरफटत चालतो हे त्याला आत्ता कळलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. दारापर्यंत तो पाय उचलून चालला.

अंगणात शेळी पाला खात होती. खाण्याला इतका आवाज असतो हे तो विसरून गेला होता. कचर, कचर, मग थोडं थांबून नाकानं एक फुर्र, पुन्हा कचर. फिटर तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. शेवटी शेळीच अवघडली आणि तिनं तोंड फिरवलं.

विहिरीवर मात्र त्याची चांगलीच फजिती झाली. त्यानं बादली सोडली, दोर ओढला, आणि कप्पीनं अशी किंकाळी फोडली, की त्याच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. पुन्हा ओढला. पुन्हा किंकाळी. सहा वर्षं तो रोज इथून पाणी काढत होता. फिटर! ज्याच्या हाताखालचा माग जराशी कुरकुर करायला लागला, तर तो जेवण टाकून उठायचा. त्याला खरोखरच लाज वाटली. बादली तशीच ठेवून तो घरात गेला आणि तेलाचा डबा, फडकं आणि पाना घेऊन आला. कप्पी उतरवली, आस पुसला, जुनं काळं वंगण खरवडून काढलं, चार थेंब तेल सोडलं. हात गारठले होते म्हणून मध्ये एकदा बादलीत बुडवून घेतले. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं. त्याची वाफ धुक्यात मिसळत होती. कप्पी पुन्हा बसवून त्यानं दोर ओढला. आता नुसती दोराची सळसळ आणि बादलीतून सांडणाऱ्या पाण्याचा आवाज.

"बघा, विहिरीला तेल पाजून झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "आता बायकोला चहा मिळाला तर बरं होईल."

फिटर वळणार होता, पण वळला नाही. आवाज बायकोचा होता, पण ती ओरडत नव्हती. त्याच्याशी बोलताना ती ओरडते, ओठ मोठे करते, हातवारे करते. हा आवाज साधा, खालच्या पट्टीतला होता, एखादी बाई शेजारी बसलेल्या माणसाशी बोलते तसा. क्षणभर त्याला वाटलं, धुक्यात आणखी कुणी आलंय. तेवढ्यात ती वळसा घालून समोर आली, अंगठा तोंडाकडे नेला आणि ओरडली, "चहा घेणार का?"

त्या ओरडण्यानं त्याच्या कानात ठिणग्या उडाल्या. त्यानं मान हलवली. यंत्राचं सांगायचं ते तिथंच सांगता आलं असतं. पण तो गप्प बसला. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

दहाच्या सुमारास धुकं उठलं आणि पूर्वेकडच्या भिंतीवर ऊन आलं. त्या भिंतीला टेकून चहा पिणं ही दोघांची थंडीतली चैन होती. पाठीला भिंत गरम, पायाखाली जमीन गार, आणि हातात ग्लास, जो आधी धरवत नाही आणि मग सोडवत नाही. पलीकडच्या शेतात गहू गुडघ्याएवढा झाला होता. त्यावरून वारा गेला की बारीक खसखस ऐकू येई. फिटर ते ऐकत होता, आणि शेजारी बायको समोर बघत बोलत होती.

"पिवळी दोन दिवस कुठंतरी चोरून अंडी घालतेय. शोधायला हवी." मग थोडं थांबून, "काल आई आली होती स्वप्नात. बस चुकली म्हणत होती. कुठली बस, कुणास ठाऊक." पुन्हा थोडं थांबली. "तुम्ही म्हणाल, रात्री जड जेवलीस म्हणून. हो, तेही असेल. तुमचं बरोबर आहे."

फिटरनं चहाचा घोट घेतला.

"मिशीला चहा लागलाय," बायको म्हणाली.

त्याचा हात निम्म्यापर्यंत गेला. मग त्यानं त्याच हातानं कान खाजवल्यासारखं केलं. चहा तसाच मिशीवरून हनुवटीवर ओघळला.

तासाभरात त्याच्या लक्षात आलं, की ती स्वतःशी बोलत नाही. त्याच्याशीच बोलते. मध्ये उत्तरापुरती जागा ठेवते, आणि त्याचं उत्तर स्वतःच देते. शेळी फळवायला बोकडाकडे कधी न्यायची, मुलगी फोनवर हल्ली तुटक का बोलते, छपराचा पत्रा वाजतो तिथं खिळा मारावा की दगड ठेवावा, या सगळ्यावर फिटरचं मत तिच्यापाशी तयार होतं. आणि ते मत दर वेळी बरं असे. तो कधी म्हणे, "जाऊ दे, पोरगी दमत असेल." कधी म्हणे, "दगड नको, खिळाच मारू." बायकोच्या बोलण्यातला हा फिटर खऱ्या फिटरपेक्षा बराच समजूतदार होता. खऱ्या फिटरला त्याचा थोडा हेवा वाटला.

दुपारपर्यंत त्यानं तुती छाटल्या. थंडी संपता संपता त्या छाटाव्या लागतात, नाहीतर सगळा जोर नुसत्या फांद्या लांबवण्यात जातो. कात्रीचा आवाज त्याला फार आवडला. बारीक काटकीला टिक, बोटाएवढ्या फांदीला कटक, आणि मग फांदी जमिनीवर पडल्याचा हलका भुसकन् आवाज. फांद्यांच्या डोळ्यांशी कोंब फुगलेले होते, अजून उघडले नव्हते. त्यानं आधी कोट काढला, मग स्वेटर काढला. टोपी तेवढी राहिली.

"घाम गळतोय, पण टोपी निघायची नाही," बायको फांद्यांची मोळी बांधताना म्हणाली. "टक्कल पळून जाईल, नाही?"

जेवण झाल्यावर फिटर अंगणात बाज ओढून उन्हात आडवा झाला. या दिवसांतल्या उन्हात झोप लागते तशी दुसरी कुठं लागत नाही. पोट भरलेलं, छातीवर ऊन, डोळ्यांवर ओढलेली टोपी. तो झोपेच्या अगदी काठावर होता, तेव्हा रस्त्यापलीकडची शेजारीण आली. तिच्याकडे दोन गायी होत्या. दुपारचं दूध द्यायला ती यायची आणि तासभर बसायची. बायकोनं वाटाण्याच्या शेंगांची टोपली मध्ये ओढली आणि दोघी सोलायला बसल्या. दाणे पातेल्यात पडू लागले. आधी तळाशी टणटण, मग दाण्यांवर दाणे, मऊ.

"भाऊ झोपले का?" शेजारणीनं विचारलं.

"झोपले काय, जागे काय, एकच."

दोघी हसल्या.

"पण काय गं ताई, सकाळी मी बांधावरून जात होते, तर तुझं चाललंच होतं यांच्याशी. कंटाळत कशी नाहीस भिंतीशी बोलून?"

"भिंत कशाला? भिंतीला कधी मिशा असतात?" बायको म्हणाली. "खरं सांगू का, मला सवयच झालीय. सगळं यांनाच सांगते मी. मागच्या थंडीत ते आठ दिवस नव्हते का..."

"त्या गाठीचे?"

"हो ना. तपासणीचा कागद यायला आठ दिवस लागले. रोज भांडी घासताना मी यांना सांगायचे, अहो, मला भीती वाटतेय. हे मागे बसून पेपर वाचायचे. माझी पाठ असायची, म्हणून ओठ दिसत नसत."

"आणि मी तुझ्याबरोबर दवाखान्यात आले, तेव्हा घरी काय सांगितलं होतंस?"

"चष्मा बदलायला जाते म्हणाले."

"आणि चष्मा?"

"हाच की. आणि परत आल्यावर हे काय म्हणाले, माहीत आहे? छान दिसतोय नवा चष्मा."

शेजारीण इतकी हसली, की तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. बायकोही हसली. मग दोघी वाकून शेंगा गोळा करू लागल्या आणि बोलणं गायीच्या पायाच्या दुखण्यावर गेलं.

फिटर डोळे मिटून पडून राहिला. ते आठ दिवस आठवायचा त्यानं प्रयत्न केला. काहीच वेगळं आठवेना. भांडी घासणारी पाठ आठवली, पण ती कुठल्याही दिवसाची असू शकली असती. चष्म्याचं मात्र आठवलं. नवा आहे असं समजूनच तो बोलला होता, आणि त्याला तो खरंच छान दिसला होता. छातीवरचं ऊन सरकून पोटावर गेलं. शेजारीण उठून गेल्याचं त्याला तिच्या रिकाम्या कॅनच्या खडखडाटावरून कळलं.

थोड्या वेळानं सरपणाच्या ढिगामागून कोंबडी ओरडायला लागली. अंडं घातल्यावर जगाला सांगत सुटते, तसं. फिटरनं काही विचार केला नाही. तो उठला, सरळ ढिगामागे गेला, वाकला, आणि दोन ओंडक्यांच्या फटीत त्याला पिवळी दिसली. तिच्या खाली पाच अंडी होती, एक अजून गरम. दोन हातांत पाच अंडी मावेनात. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, अंडी तिच्यात ठेवली आणि विजयी मुद्रेनं अंगणात आला.

बायको वाटाण्याची सालं शेळीपुढे टाकत होती. तिनं अंडी पाहिली. मग वर पाहिलं. मग बराच वेळ ती त्याच्या कानांकडे पाहत राहिली.

"कधीपासून?" ती म्हणाली. ओरडून नाही.

"सकाळपासून."

ती मनातल्या मनात सकाळपर्यंत मागे गेली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे चहाच्या वेळी..."

"लागला होता मिशीला. हो."

"आणि आत्ता? ती आली होती तेव्हा?"

फिटर टोपीतली अंडी पाहू लागला. बायकोनं त्याच्या हातातून टोपी घेतली, अंड्यांसकट, आणि ती आत गेली.

पुढचे दोन तास घरात कुणी बोललं नाही. भांडी तेवढी बोलत होती, आणि त्यांचं बोलणं काही चांगलं नव्हतं. फिटरनं तुतीच्या जाड फांद्या तोडून त्यांचे तुकडे केले, रचले, पुन्हा पाडून नीट रचले. सकाळपासून जे जे ऐकून तो खूश झाला होता ते सगळं आताही वाजत होतं. गहू, शेळी, पत्रा. पण मधली जागा मोकळी होती. कालपर्यंत हीच शांतता त्याला रोजची होती आणि तिचं त्याला काही वाटत नव्हतं.

शेवटी तो पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. जगावर पुन्हा गोधडी पडल्यासारखं झालं.

बायको दारात आली. तिचे ओठ हलले. त्याला कळलं नाही. तिनं डबीकडे बोट दाखवलं, मग त्याच्या कानाकडे. त्यानं यंत्रं पुन्हा लावली.

"काढली कशाला?" तिनं विचारलं.

"तुला बोलायला बरं पडावं म्हणून."

"अक्कल म्हणून नाहीच," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. तिनं टोपी परत आणली होती. ती तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"काय निघालं गाठीत?" त्यानं विचारलं.

"काही नाही. चरबीची होती."

"मला समोर येऊन का नाही सांगितलंस?"

"समोर सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असतात. मग तुमची भीतीही मलाच सांभाळावी लागली असती. पाठमोरं सांगितलं की माझी तेवढी कमी व्हायची. तुमच्यावर काही यायचं नाही."

फिटरला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण जमलं ते एवढंच, "पुढच्या वेळी शेजारणीला नको नेऊस."

"पुढची वेळ कशाला आणताय ओढून?"

"तसं नाही गं."

"कळलं मला."

ती उठली आणि चुलीतल्या राखेत दुपारीच पुरून ठेवलेली रताळी काढून घेऊन आली. बाहेरून काळी, आतून केशरी. सोलताना बोटं भाजत होती, म्हणून दोघं ती एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होती. पहिलं रताळं संपेपर्यंत कुणी बोललं नाही. पण ते खाण्याचं गप्प बसणं होतं.

"एक सांगते," बायको म्हणाली. "रोज दोन तास ते काढून ठेवायचं."

"का?"

"मला बोलायचं असतं. त्याच्याशी."

"कुणाशी?"

"तुमच्याशीच. पण तो जरा बरा आहे."

फिटरनं रताळ्याचं साल खरवडून खाल्लं. "कोणते दोन तास?"

"सांगेन मी. भांडी घासताना नको. ते तुम्ही ऐकलंत तरी चालेल."

ऊन गव्हाच्या टोकांवर आलं होतं. गारठा पायांकडून वर चढू लागला, तशी बायको आतून शाल घेऊन आली आणि कोंबड्यांना खुराड्याकडे हाकायला निघाली. फिटरनं हात वर केला.

"थांब. काय वाजतंय ते?"

"कुठं?"

"वर."

उत्तरेकडे जाणारे करकोचे होते, खूप उंचावर. लांबच लांब ओळ, मध्ये वाकलेली, पुन्हा सरळ होणारी. ऊन जमिनीवरून गेलं होतं, पण त्यांच्या पोटांवर अजून होतं. त्यांच्या ओरडण्याचा आवाज खाली पोचेपर्यंत पातळ झाला होता, पुष्कळशी दारं लांब कुठंतरी एकदम उघडावीत तसा.

"थंडी संपली की जातात दरवर्षी," बायको म्हणाली.

"असे ओरडत?"

"मग काय! आभाळ डोक्यावर घेतात नुसतं."

फिटरनं त्यांना सहा वर्षं पाहिलं होतं. त्याला वाटायचं, ते मुकाट्यानं जातात.

ओळ गव्हावरून, पलीकडच्या झाडांवरून पुढे गेली आणि बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली. फिटरच्या कानातला आवाज तिच्या आधीच संपला. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं बोट वर धरलं होतं.

"अजून येतोय," ती म्हणाली.

तो थांबला.

"अजून."

वारा पडला होता. शेळीसुद्धा खायची थांबली होती. बायकोनं आणखी थोडा वेळ बोट वर धरून ठेवलं, मग ते खाली घेतलं आणि ती कोंबड्यांच्या मागे गेली.